बटणें आणि हातवारे

व्हिडिओ गेमच्या इतिहासांत यंत्रांच्या वेगाची आणि चित्रांच्या सौंदर्याची चर्चा पुष्कळ होते. परंतु मनुष्य आणि यंत्र यांची प्रत्यक्ष गांठ जेथें पडते, त्या हातांतील कंट्रोलरचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. तो मोठा उद्बोधक आहे, आणि खेळणाऱ्यांच्या वैतागाचा भागही त्यांत थोडाथोडका नाहीं.

१९९० ते २००० या दशकांत नांदेड-लातूरकडील ज्या घरांत असें यंत्र आलें, तेथें तें बहुधा जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असे. उन्हाळ्याच्या सुटींत टीव्हीपुढें सतरंजी टाकून भावंडें पाळीपाळीनें खेळत. कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखालीं अधिकचिन्हाच्या आकाराचें एक बटण आणि उजव्या अंगठ्याखालीं वाटोळीं बटणें, एवढाच सारा संसार. हें अधिकचिन्ह गुनपेई योकोई या रचनाकारानें १९८२ सालीं 'डाँकी काँग' या हातांत मावणाऱ्या खेळासाठीं योजिलें. त्याचें यश असें कीं अर्ध्या तासांत हाताला त्याचा विसर पडावा. मुरलेला पेटीवादक पट्ट्यांकडे पाहत नाहीं, तसेंच हें.

याच यंत्रांबरोबर पुष्कळदां प्लास्टिकची एक बंदूक मिळे. आपणांपैकीं अनेकांस ती आठवत असेल. तिनें पडद्यावरचीं बदकें टिपावयाचीं. घोडा ओढतांच पडदा क्षणभर काळा होई, मागोमाग बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे, आणि तो दिसला कीं नाहीं हें नळीतला प्रकाशग्राहक पाही. म्हणजे बंदूक कांहींच फेंकत नसे. उलट तीच पडद्याकडे डोळा लावून बसलेली असे! युक्ति सुंदर होती यांत शंका नाहीं. मात्र तिचें सारें गणित जुन्या काचनळीच्या टीव्हीच्या कालमापनावर बसविलेलें. सपाट पडद्याचे टीव्ही आले, त्यांवर चित्र किंचित् उशिरां उमटूं लागलें, आणि बंदूक आंधळी झाली. जुनें यंत्र जपणाऱ्याच्या घरीं आजही 'मारिओ' धांवतो. बदकें मात्र मरत नाहींत. एका साधनाच्या गळ्यांत बांधलेला खेळ त्या साधनाबरोबर बुडतो, आणि इतिहास जपूं पाहणाऱ्यास ही हानि लहान नव्हे.

बंदुकीनें निदान आपलें काम तरी केलें. १९८९ सालीं अमेरिकेंत मॅटेल कंपनीनें विकावयास आणलेल्या 'पॉवर ग्लव्ह' नामक हातमोजाची गोष्ट निराळी. ध्वनिलहरींच्या साह्यानें हाताची जागा ओळखण्याची त्याची प्रतिज्ञा होती. पण बाजारांतले खेळ बटणांसाठीं रचलेले, आणि त्याच्यासाठीं म्हणून खास निघाले अवघे दोन. दुकानांत अर्ध्या मिनिटांत डोळे दिपावेत म्हणून केलेली वस्तु घरीं अर्धा तास वापरवत नाहीं, असें माझें मत या मोजानें पक्कें केलें.

निन्टेंडोच्याच २००६ सालच्या 'वी' यंत्रानें हातवाऱ्यांना पुन्हां प्रतिष्ठा दिली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. टेनिसचा फटका मारतांना हात फिरवावा हें कोणासही शिकवावें लागत नाहीं. म्हणूनच तें यंत्र १० कोटींहून अधिक खपलें. मग मात्र जेथें हातवाऱ्यांची गरज नव्हती तेथेंही ते आले. सोनीच्या यंत्रावरील 'लेअर' या २००७ सालच्या खेळांत ड्रॅगन वळविण्यास कंट्रोलर तिरपा करण्यावांचून गत्यंतर नव्हतें; लोक इतके चिडले कीं २००८ सालीं नेहमींच्या दांडीची सोय जोडावी लागली. निन्टेंडोच्या 'स्कायवर्ड स्वोर्ड' या २०११ सालच्या खेळांत तलवार हात फिरवूनच चालवावी लागे. बटणांची मुभा मिळाली ती २०२१ सालच्या नव्या आवृत्तींत.

मायक्रोसॉफ्टच्या २०१० सालच्या 'किनेक्ट'नें तर कंट्रोलरच काढून टाकला. खेळणाऱ्यानें कॅमेऱ्यापुढें उभें राहून अंग हलवावें. एकट्यासाठींही सुमारें ६ फूट अंतर हवें. लातूरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तें पलंग उभा केल्यावरच मिळावयाचें. बोललेलें त्याला समजे, पण मराठी समजत नसे. २०१३ सालीं नव्या यंत्राबरोबर तें घेणें सक्तीचें केलें. वर्षाच्या आंतच, २०१४ सालीं, ती सक्ति उठली, आणि २०१७ सालीं उत्पादनही थांबलें.

या साऱ्या खटाटोपांत एका वर्गाचा विचार फारसा झाला नाहीं. ज्याला उभें राहतां येत नाहीं, ज्याचा हात थरथरतो किंवा खांद्याच्या वर जात नाहीं, त्याला केवळ अंगविक्षेपांवर चालणारा खेळ म्हणजे बंद दरवाजाच. बटणाला एक बोट पुरतें. कित्येकदां कोपरही पुरतें. पुढें २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनेंच अपंगांसाठीं एक कंट्रोलर काढला. त्याच्या मागील बाजूस १९ खांचा आहेत. ज्याला जी कळ दाबतां येईल ती त्यानें तेथें जोडावी. आणि वरच्या अंगास आहेत दोन मोठीं, वाटोळीं, साधीं बटणें.