ओल कोणाच्या वेळची?

वाशीम जिल्ह्यातल्या जुन्या घरी वाड्याचे वय विचारले, तर उत्तर सालात मिळते. गळतीचे वय विचारले, तर माणसाच्या नावाने मिळते. ‘ती थोरल्या बाबांच्या वेळची’, ‘ती काकूच्या राज्यातली.’ डाग पुसट होतो, त्याला चिकटलेले नाव सहसा होत नाही. जुने कागद पाहण्याच्या निमित्ताने मी वीसेक वर्षे अशा घरांत जातो आहे. कागद सोडण्याआधी भिंत वाचावी, हे तिथेच शिकलो.

डागाच्या रंगावरून वय सांगू नये. पिवळा तो नवा, तपकिरी तो जुना, असे गवंडीसुद्धा ठोकून देतात. पण पाण्याने वाटेत काय उचलले, त्यावर रंग ठरतो. आपल्याकडची जुनी घरे धाब्याची. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या किंवा बांबू, पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. धाबे गळले की भिंतीवर मातकट ओघळ उतरतात. पुढे धाब्यांवर टिनाचे पत्रे चढले. पत्र्याच्या खिळ्यापाशी गळणारे पाणी गंजाचा तांबूस ओघळ सोडते. म्हणजे रंग वय सांगत नाही, पण त्या वेळी डोक्यावर छत कोणते होते ते सांगतो. पत्रे कधी चढले हे घरात बहुधा ठाऊक असते, कारण त्याला पैसे लागलेले असतात.

आकारही पाहावा. जमिनीतून चढलेली ओल वरच्या बाजूला वेडीवाकडी कड सोडते आणि तिथे लोणा फुटतो. पुराचे पाणी सरळ आडवी रेघ ओढते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या भिंतींवर अशी रेघ उमटली. तिची तारीख पक्की, म्हणून तिच्या वर काय आहे आणि तिच्याखाली काय दबले आहे, यावरून इतर डागांचा क्रम लावता येतो. आमच्याकडे अशी सोय नाही.

आमच्याकडे आहे तो दिवाळीचा चुना. दर वर्षी एक हात. पोपड्याची कड भिंगाखाली धरली तर थर मोजता येतात, आणि डाग कितव्या थराखाली आहे हे दिसते. मात्र थर म्हणजे वर्ष असे धरता येत नाही. सुतकाच्या वर्षी चुना लागत नाही, लग्नाच्या वर्षी दोनदा लागतो. शिवाय भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला असेल तर सगळाच हिशेब बिघडतो. आतली ओल कोंडते आणि भलत्याच ठिकाणी वर येते, आणि जुन्या पाण्याचा डाग कालचा वाटतो. घरातल्या आठवणींचे तसेच. एका ठिकाणी मला गळती ‘छप्पन्नच्या दुष्काळातली’ म्हणून दाखवली. १८९९ साली तर वऱ्हाडात पाऊस बुडाला होता. तरी ती आठवण मी टाकून दिली नाही. उन्हाने भेगाळलेल्या धाब्यावर माती चढवायला माणूस उरला नसेल, तर १९०० चा पाऊस थेट घरात आला असणे शक्य आहे.

कागद भिंतीपेक्षा नेमके बोलतात. कारंज्यातल्या एका वाड्यात दोन शाखांचे तीस वर्षे बोलणे नव्हते. भिंतीतल्या फडताळात रुमालात बांधलेले वाटणीपत्र. त्यात विहिरीच्या पाळीची एकच ओळ धुऊन गेलेली. ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झाले, म्हणजे १९६० साली, फडताळाची किल्ली धाकट्या काकांकडे आली. “काकानंच भिजवलं थे,” असे दुसऱ्या शाखेतली नातवंडेसुद्धा सांगत.

वाटणीपत्राच्या वर तारेत ओवलेल्या पावत्या होत्या. पाणी वरून आलेले. भिजलेल्या पावत्यांत सर्वांत वरच्या पावतीवर डाग सर्वांत मोठा, खाली उतरताना लहान होत जाणारा, आणि तळाच्या वाटणीपत्रावर तोच वळसा, सर्वांत आखूड. म्हणजे सगळे एकाच वेळी, याच क्रमाने भिजले. भिजलेल्यांपैकी काहींच्या तारखा गेल्या आहेत, पण एकीवर स्वतंत्र भारताचे महसूल तिकीट आहे. तेव्हा हे पाणी १९४७ नंतरचे. त्या पावत्यांच्याही वर, कोरड्या ठणठणीत, नव्या पैशांतल्या पावत्या. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. कोरडी पावती एकच असती तर कोणी मागाहून ओवली असे म्हणता आले असते. इथे सात होत्या, तारखांच्या ओळीने, पहिली १९५८ ची. पाणी आले तेव्हा त्या तिथे असत्या तर सर्वांत जास्त त्याच भिजल्या असत्या. फडताळामागचे ओघळही मातकट, गंजाचे नाहीत. आणि पत्रे किल्ली काकांकडे येण्याआधीच चढले, हे दोन्ही शाखांना मान्य आहे.

मग एकच ओळ का गेली? बाकीचा मजकूर बोरूने, काजळीच्या शाईने लिहिलेला. ती शाई पाण्याला दाद देत नाही. ही ओळ जांभळ्या शाईची, आणि जांभळा रंग पाण्यात लगेच सुटतो. कागद आधी भिजून मग त्यावर लिहिले असते तर अक्षरे फक्त फुटली असती. इथे रंग डागाच्या कडेपर्यंत वाहत गेला आहे. ओळ भिजण्याआधीची, एवढे खात्रीने म्हणता येते. ती मूळ लेखकाने दौत बदलून लिहिली की कोणी नंतर घातली, हा वेगळा प्रश्न, आणि मला वाटते तो त्या घराला आवडणार नाही.

हे सगळे दोन्ही शाखांना एकत्र बसवून दाखवले. काका तोवर गेले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आरोप करणाऱ्या बाजूच्या आजीबाई म्हणाल्या, “मंग तुमी धा वर्सं आधी काऊन नाही आले?”

पाळीची ओळ अजून वाचता आलेली नाही. जांभळ्या पसरटीत ‘आठ दिवस’ एवढेच शब्द दिसतात, ते कोणाचे ते दिसत नाही.