साखळीची झीज

रस्त्याच्या कडेच्या गॅरेजात मोटारसायकल येऊन उभी राहिली, की मिस्त्री साखळीखाली एक बोट घालतो, ती वर उचलून पाहतो आणि निर्णय देतो, "चेन वाढली आहे." वाहनाचा मालक मान डोलावतो. मागचे चाक थोडे मागे सरकवले जाते, किंवा साखळीच्या दोन कड्या काढल्या जातात, आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागते. या व्यवहारात कोणाचे काही चुकले, असे वरवर दिसत नाही. परंतु "चेन वाढली" हे शब्दच मुळात फसवे आहेत. नित्याच्या वापरात पोलादाची पट्टी रबरासारखी ताणून वाढत नाही. साखळी लांब होते ती ताणामुळे नव्हे, तर झिजेमुळे. ही झीज नेमकी कोठे होते हे समजण्यास माणसाला पुष्कळ काळ लागला. आणि ज्या दिवशी ते समजले, त्या दिवशीच आजची साखळी जन्माला आली.

साखळीने चाक फिरविण्याची कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलो या ग्रीक यंत्रज्ञाने साखळीचा उपयोग करणाऱ्या यंत्रांचे वर्णन लिहून ठेवले आहे. इसवी सन १०९० च्या सुमारास चीनमधील कायफेंग नगरात सू सुंग या विद्वान अधिकाऱ्याने खगोलयंत्रांसह एक उंच घटिकामनोरा उभारला. त्यातही गती वर पोहोचविण्याचे काम एका अखंड साखळीकडे होते. युरोपात लिओनार्दो दा विंची याच्या वह्यांमध्ये बिजागरीप्रमाणे सांधलेल्या पट्ट्यांच्या साखळ्यांची रेखाचित्रे आढळतात. परंतु या साऱ्या साखळ्या हळू चालणाऱ्या होत्या. एका मिनिटात शेकडो फेरे घेणाऱ्या चाकाशी त्यांची गाठ पडलेली नव्हती. ती गाठ पडली इंग्लंडातील कापडगिरण्यांत.

मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड येथे जेम्स स्लेटर नावाचा कारागीर गिरणीयंत्रांसाठी साखळ्या करीत असे. १८६४ साली त्याने एका साखळीचे पेटंट घेतले. तिच्यात पट्ट्यांना जोडणाऱ्या पिनेवर एक मोकळा रूळ बसविलेला होता. दातेरी चाकाच्या दातावर साखळी घासत न जाता तिचा रूळ फिरावा, हा त्यामागचा हेतू. दाताचे घर्षण यामुळे कमी झाले. पण पिनेचे दुखणे तसेच राहिले. सारा भार पट्टीच्या पातळ कडेवरून पिनेवर पडे, आणि सुरीच्या धारेखाली दोरी कापावी तशी ती कड पिनेला खाचा पाडी.

या दुखण्यावर उपाय सापडला तो हान्स रेनोल्ड याला. स्वित्झर्लंडमधील आराउ येथे १८५२ साली जन्मलेला हा तरुण १८७३ साली मँचेस्टरला आला आणि १८७९ साली त्याने स्लेटरचा छोटासा धंदा विकत घेतला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८० साली, त्याने साखळीत एका लहानशा नळीची भर घातली. पिनेच्या बाहेर ही नळी, म्हणजे बुश, आणि बुशाच्या बाहेर रूळ अशी त्याची रचना होती. आता पिनेवरचा भार पट्टीच्या कडेवर न राहता बुशाच्या सबंध लांबीवर पसरला. पाहिले तर पाव इंचाचा पोलादी तुकडा. पण त्याने साखळीचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढले. आज जगातील मोटारसायकलींवर जी साखळी फिरते, ती तत्त्वतः रेनोल्डचीच आहे.

या साखळीला गिऱ्हाईक मिळवून दिले ते सायकलने. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने पुढेआगे सारख्या बेताच्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी रोव्हर सायकल बाजारात आणली, आणि उंच चाकाच्या जुन्या सायकली पाहता पाहता मागे पडल्या. साखळीवर माणसाचा विश्वास इतका बसला, की १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा इंजिनाची शक्ती दोन पंख्यांपर्यंत साखळ्यांनीच पोहोचविली होती. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरावेत म्हणून त्यांपैकी एका साखळीला मध्ये पीळ दिलेला होता. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत दातेरी चाके आसावर सैल होऊ लागली, तेव्हा या सायकल दुरुस्त करणाऱ्या भावांनी टायर चिकटविण्याचा लुकण वापरून ती पक्की केली. धंद्यातले ज्ञान असे आकाशातही उपयोगी पडते.

मोटारसायकलने मात्र साखळीचा स्वीकार सहजासहजी केला नाही. आरंभीच्या बहुतेक गाड्यांना चामड्याचा पट्टा असे. पट्टा मऊ, धक्का सोसणारा व आवाज न करणारा. पण पाऊस आला की तो घसरे, आणि चढणीवर स्वाराला उतरून गाडी ढकलावी लागे. इंग्लंडातील फेलन अँड मूर आणि अमेरिकेतील इंडियन यांसारख्या थोड्या कारखानदारांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच साखळीची कास धरली. १९११ साली आयल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी शर्यत प्रथमच डोंगरी मार्गाने झाली. तीत साखळीवर चालणाऱ्या इंडियन गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक मिळविले. १९१२ आणि १९१३ साली ती शर्यत स्कॉटच्या गाड्यांनी जिंकली, त्याही साखळीच्याच. पुढे महायुद्धाच्या चिखलाने उरलेला वाद मिटविला, आणि १९२० नंतरच्या दशकात पट्टा जवळजवळ नाहीसा झाला.

पट्टा हरला, पण झिजेचा प्रश्न साखळीबरोबर घरात आला. त्याचे गणित सोपे आहे. अर्ध्या इंचाच्या अंतराने सांधे असलेल्या शंभर कड्यांच्या साखळीची लांबी १२७० मिलिमीटर भरते. प्रत्येक पीन आणि तिचा बुश मिळून केसाएवढे, म्हणजे एक दशांश मिलिमीटर झिजले, तर शंभर सांध्यांची मिळून साखळी १० मिलिमीटरने लांब होते. एकही पट्टी ताणली गेलेली नसते. ही झीज होते ती मुख्यतः साखळी चाकावर चढताना आणि उतरताना, कारण त्याच वेळी सांधा दुमडतो. सोळा दातांच्या पुढच्या चाकावर तो साडेबावीस अंशांतून दुमडतो, तर अडतीस दातांच्या मागच्या चाकावर सुमारे साडेनऊ अंशांतून. शिवाय लहान चाकाचा प्रत्येक दात अधिक वेळा कामास येतो. पुढचे चाक मागच्याआधी का संपते, याचे उत्तर येथे आहे.

सांध्यांमधील अंतर वाढले, की साखळी आणि दातेरी चाक यांचे माप जुळेनासे होते. रूळ दाताच्या खोबणीत न बसता उतारावर वर चढतो. भार अनेक दातांवर वाटला जाण्याऐवजी थोड्यांवर येतो. ते दात एका अंगाने खरवडले जाऊन आकड्यासारखे वाकडे व टोकदार दिसू लागतात. म्हणून मिस्त्रीने दोन कड्या काढल्या, तरी रोग बरा होत नाही. साखळी आखूड होते, पण उरलेल्या प्रत्येक कडीचे माप चुकलेलेच राहते. तसेच, झिजलेल्या चाकावर नवी साखळी चढविली, तर ते चाक तिला थोड्याच दिवसांत आपल्यासारखे करून सोडते. साखळी आणि दोन्ही चाके एकदमच बदलावीत, हा नियम दुकानदाराच्या फायद्यासाठी झालेला नाही. तो या मापाच्या गणितातून निघालेला आहे.

झीज रोखावयाची तर धूळ बाहेर आणि तेल आत ठेवले पाहिजे, हे जुन्या कारखानदारांनी ओळखले होते. वुल्व्हरहॅम्प्टन येथील सनबीम सायकलीची साखळी तेलाच्या बंद पेटीत फिरे, आणि १९१२ पासून निघालेल्या सनबीम मोटारसायकलींनीही तीच प्रथा उचलली. भारतात १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची रॉयल एनफील्ड यांच्या सहकार्याने बुलेट गाडीचा कारखाना मद्रासकडे निघाला. त्या गाडीची मागची साखळी उघडी, वर केवळ एक पत्र्याचे छत्र. उलट त्यानंतर म्हैसूरला तयार होऊ लागलेल्या जावाची साखळी चहूबाजूंनी झाकलेली होती, आणि राजदूतचीही तशीच. दुधाच्या किटल्या लटकवून पहाटे खेड्यातून इंदूर-ग्वाल्हेरच्या रस्त्याला लागणाऱ्या राजदूतने धुळीत वर्षानुवर्षे तग धरला, त्याच्या श्रेयात या साध्या पेटीचाही वाटा आहे. १९८५ साली आलेल्या हीरो होंडाच्या सीडी १०० ने झाकलेल्या साखळीची ही परंपरा पुढे चालविली.

झाकण असो वा नसो, झीज ओळखण्याच्या खुणा प्रत्येकाला पाहता येतात. मागच्या चाकाच्या अगदी मागील बाजूस साखळी दोन बोटांत धरून मागे ओढावी. चांगली साखळी दाताला चिकटून राहते. झिजलेली उचलून येते, आणि खाली अर्धा दात दिसू लागला तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. अधिक अचूक हवे असल्यास साखळी ताठ धरून पट्टीने वीस सांधे मोजावेत. अर्ध्या इंचाच्या साखळीत हे अंतर २५४ मिलिमीटर असते. ते २५९ च्या घरात गेले, म्हणजे झीज दोन टक्के झाली. चाक हाताने फिरविताना साखळी एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, तर तिचे सांधे सारखे झिजलेले नाहीत. तांबूस गंज, अकडलेली कडी, गाडी उचल घेताना बसणारा हिसका आणि खडखड हीही लक्षणेच होत.

प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत. पहिला नियम जिवाचा: साखळी साफ करताना इंजिन बंद असावे, गाडी मधल्या स्टँडवर असावी आणि चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून फडके लावणाऱ्याची बोटे साखळी आणि दाते यांच्यामध्ये केव्हा सापडतील, याचा नेम नसतो. दुसरा नियम तेलाचा. तेल बाहेरच्या पट्टीला चोपडून उपयोग नाही. ते पीन आणि बुश यांच्यामध्ये शिरले पाहिजे. त्यासाठी गाडी चालून आल्यावर साखळी कोमट असताना, खालच्या पदराच्या आतील अंगाने, पट्ट्यांच्या फटींत ते सोडावे आणि वरचे पुसून टाकावे. पूर्वीचे जाणते स्वार साखळी काढून रॉकेलमध्ये धूत आणि ग्रॅफाइट मिसळलेल्या गरम ग्रीजमध्ये बुडवून ठेवीत. त्यामागे हेच शास्त्र होते. कोकण-गोव्याच्या पावसात तांबडी माती आणि पाणी मिळून सांध्यात जणू सहाणच तयार होते. भाड्याने उतारू नेणाऱ्या गोव्यातील मोटारसायकल पायलटांना तर पावसाळ्यात या कामाचा कंटाळा करून चालण्यासारखे नाही.

तिसरा नियम ताणाचा. साखळी घट्ट असणे हे सैल असण्यापेक्षाही वाईट. खड्ड्यात मागचे चाक वरखाली होते, तेव्हा साखळीला मोकळीक लागते. ती न मिळाली, तर सारा ताण पिनांवर आणि इंजिनाच्या बेअरिंगांवर जातो. कारखान्याच्या पुस्तकात दिलेली मोकळीक, पुष्कळ गाड्यांत सुमारे २० ते ३० मिलिमीटर, साखळीच्या सर्वांत ताठ जागी मोजावी. दोन्ही चाके एका रेषेत आहेत ना, हे पाहावे. आणि जोडकडीला चिमटा असेल, तर त्याचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेला असावे. नाही तर तो वाटेतच निसटतो. धावत्या गाडीची तुटलेली साखळी गुंडाळून मागचे चाक जागीच जखडू शकते, आणि मग चूक तेलाची होती की चिमट्याची, याचा विचार करण्यास स्वाराला उसंत मिळत नाही.

१९७१ साली अमेरिकेत, हार्टफर्डच्या व्हिटनी चेन या कारखान्यात, साखळीच्या प्रत्येक सांध्याला रबराचे बारीक कडे बसविण्याची युक्ती निघाली. कारखान्यात भरलेले ग्रीज त्यामुळे आतच कोंडून राहते. आज मोठ्या गाड्यांवर अशीच साखळी असते. तिला पेट्रोल व तारेचा ब्रश वर्ज्य, कारण रबर फाटले की ग्रीज गेले. बाहेरच्या रूळाला व दातांना मात्र तिच्यावरही तेल लागतेच.

स्लेटरने रूळ दिला, रेनोल्डने बुश दिला, आणि रबरी कड्याने तेल कोंडून ठेवले. या शंभराहून अधिक वर्षांच्या खटपटीचा विषय एकच: केसाएवढी झीज. ज्याची रोजची भाकरी मोटारसायकलच्या चाकावर फिरते, त्याच्यासाठी या खटपटीतला शेवटचा भाग अजून शिल्लक आहे. तो कोणताही कारखाना करून देत नाही. त्याला एक फडके, थोडे तेल आणि आठवड्यातील पंधरा मिनिटे पुरतात.