सहीचा कागद

माझी आत्या मिरजेत नर्स होती. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी आक्का तिला अजून 'सिस्टर'च म्हणते. आक्का सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतली. लहानपणीच देवदासी म्हणून यल्लम्माला सोडलेली, बोलण्यातला कानडी हेल अजून न गेलेली. दोघी भेटल्या की ब्याण्णव-त्र्याण्णवच्या, एड्सच्या दिवसांच्या गोष्टी निघतात. मी चहा टाकते आणि ऐकत बसते.

"वस्तीतल्या आजारी बायकांच्या कॉटला कुणी हात लावायचं नाही," आत्या सांगते. "जेवणाचं ताटसुद्धा दारातच ठेवायचे."

"ताट तरी मिळत हुतं की सिस्टर. मेलेल्या बाईला खांदा द्यायला कोण हुतं? आमीच."

वस्तीतल्या भिशीचे पैसे आधी लुगड्यांना जायचे. मग सलाईनला जाऊ लागले, मग सरणाला. अनुदान हा शब्द तिथं पोचायच्या आधीचा हा निधी. पावती कुणी फाडली नाही, म्हणून कुठल्या अहवालात तो आला नसणार.

1992 मध्ये मीना सरस्वती सेषू यांच्या 'संग्राम' या संस्थेचं काम सुरू झालं आणि पुढं निरोध वाटायचं काम वस्तीतल्याच बायकांच्या हाती आलं. कुठल्या दारात कधी जायचं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. "एकीनं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात. सगळ्या गल्लीनं नाही म्हटलं, तर जातंय कुठं?" मालकाचं, म्हणजे कायमच्या जोडीदाराचं, मात्र अवघड, हेही आक्काच सांगते. त्याच्यापुढं पाकीट धरलं की 'माझ्यावर भरवसा नाही?' म्हणून तो रुसायचा. 1996 साली याच बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली.

मग तो कागद आला. अमेरिकेच्या 2003 च्या कायद्यात अट होती: एड्ससाठी पैसा हवा, तर वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचं लिहून द्या. 2005 मध्ये 'संग्राम'नं तो पैसा नाकारला. आत्याला ते अजून पटत नाही. "सही करायची आणि औषधं आणायची," ती म्हणते. बरीच वर्षं मीही तिच्याच बाजूची होते. पण ज्यांच्या जिवावर काम चालतं, त्यांच्याविरुद्धच लिहून द्यायचं, तर उद्या पाकीट घेऊन दारोदार कोण जाणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली, तीही तिथल्या संस्थांपुरती. परदेशी संस्थांना ती लागू राहील, असं 2020 मध्ये स्पष्टच सांगितलं.

परवा आक्काला मी ॲमस्टरडॅमची गोष्ट सांगितली. तिथं 1983 मध्ये पाच बायकांनी, त्यांच्यातल्या एकीला मिळालेल्या वारशाच्या पैशातून, 'मामा कॅश' हा स्त्रियांसाठीचा निधी सुरू केला. त्याच घरात 2012 मध्ये 'रेड अंब्रेला फंड' सुरू झाला. तो पैसा धंदा करणाऱ्यांच्याच संघटनांना जातो आणि कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत बहुमतही त्यांचंच असतं.

आक्कानं बशी खाली ठेवली. "म्हंजे चिठ्ठी त्याच काढत्यात?"

"हो."

"हं." मग ती आत्याकडे वळली. "सिस्टर, तुमचा जूनचा हप्ता ऱ्हायलाय."