हॅस्केल भाषेचा विकी : साधनाची निवड आणि लिखिताचे स्वामित्व

संगणकासाठी रचलेल्या भाषा कोणी बोलत नाही. त्या केवळ लिहिल्या जातात. तथापि त्यांच्याभोवतीही एक भाषिक समाज उभा राहतो. भाषेचे नियम एखादी समिती ठरविते. परंतु अमुक रचना केव्हा योजावी, फसगत कोठे होते, नवशिक्याने आरंभ कोठून करावा, हे व्यवहारज्ञान वापरणाऱ्यांच्या अनुभवात विखुरलेले असते. ते एकत्र करण्यासाठी ह्या समाजांनी जे साधन स्वीकारले, ते म्हणजे 'विकी'. हे साधन निवडताना त्यांच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहिले, ह्याचे बोधप्रद उदाहरण हॅस्केल भाषेच्या इतिहासात आढळते.

पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी खुला केला. वाचकानेच पृष्ठावर तेथल्या तेथे दुरुस्ती करावी, हे त्याचे तत्त्व होय. होनोलुलू विमानतळावरील 'विकी विकी' नावाच्या बसवरून त्यास नाव मिळाले. हवाईयन भाषेत 'विकी' म्हणजे शीघ्र. हा विकी पर्ल भाषेत लिहिलेला होता. त्याचे अनुकरण करताना अनेकांनी आपापल्या भाषेचा आश्रय केला. टीसीएल भाषेच्या समाजासाठी जाँ-क्लोद विपलर यांनी त्याच भाषेत 'विकिट' रचला. युर्गेन हेरमान यांनी २००० साली पायथनमध्ये 'मॉइनमॉइन' सिद्ध केला व पायथनच्या समाजाने पुढे तो वापरला. ह्या प्रवृत्तीमागे केवळ अभिमान होता, असे म्हणता येणार नाही. साधन स्वभाषेत असल्यास त्याची दुरुस्ती समाजातील कोणासही करता येते, हा त्यातील व्यावहारिक लाभ होता.

हॅस्केलची गोष्ट निराळी आहे. गणितातील फलनाच्या कल्पनेवर उभारलेल्या ह्या भाषेचा संकल्प १९८७ साली पोर्टलंड येथील परिषदेत झाला आणि तिचे पहिले अधिकृत प्रतिवेदन १९९० साली प्रसिद्ध झाले. तिच्या समाजाचा आरंभीचा विकी 'हाविकी' ह्या नावाने ओळखला जाई, आणि तो चाले मॉइनमॉइनवर, अर्थात् पायथनवर. २००६ च्या सुमारास त्याचे स्थान नव्या विकीने घेतले. तो 'मीडियाविकी'वर, म्हणजे पीएचपी भाषेतील साधनावर उभा होता. मूल्यांच्या प्रकारांविषयी हॅस्केलची शिस्त अत्यंत कडक, तर पीएचपीची तितकीच सैल. तरीही ही निवड झाली. मीडियाविकी विकिपीडियाच्या गरजेतून घडला होता. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यावरच चालतो. प्रत्येक बदलाची नोंद, चर्चेची स्वतंत्र पृष्ठे, वर्गीकरण, गणिती सूत्रे लिहिण्याची सोय, हे सर्व त्यात तयार मिळत होते आणि त्याच्या देखभालीचा भार इतरत्र वाहिला जात होता.

खरी अडचण मात्र साधनात नव्हती. ती लिखितात होती. हाविकीवर लिहिणाऱ्यांनी आपले लेखन कोणत्या अटींवर दिले, हे कोठेच नमूद नव्हते. स्वामित्वहक्काच्या कायद्यानुसार लिहिताक्षणी हक्क लेखकाचा होतो. त्याचे मौन म्हणजे अनुमती नव्हे. नव्या विकीवर सर्व मजकूर एका साध्या, मुक्त परवान्याखाली ठेवण्याचे ठरले होते. त्यामुळे जुनी पृष्ठे सरसकट उचलता येईनात. ज्याची त्याची संमती मिळविणे प्राप्त झाले. एका पृष्ठावर अनेकांचे हात फिरलेले असत. जेथे संमती नव्हती, तेथे विषय नव्याने लिहिण्याखेरीज मार्ग नव्हता.

परवाना इतका सैल का असावा, ह्याचेही कारण विषयातच आहे. अशा पृष्ठांवरील उदाहरणे वाचक आपल्या आज्ञावलीत उतरवून घेतो. विकिपीडियाचा तत्कालीन परवाना अशा प्रत्येक रूपांतरावर तीच अट लादणारा होता. ज्ञानकोशास ती शोभते. परंतु आज्ञावलीच्या नमुन्यांस ती अडसर ठरते.

ह्यानंतर २००८ साली जॉन मॅकफार्लेन ह्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी हॅस्केलमध्येच 'गिटिट' नावाचे विकी-साधन रचले. स्वभाषेतील साधन आता उपलब्ध होते. तथापि हॅस्केलचा विकी मीडियाविकीवरच राहिला. उलटपक्षी, पायथनच्या समाजाचे साधन स्वभाषेतील असूनही संकटातून सुटले नाही. मॉइनमॉइनची रूढ आवृत्ती पायथनच्या दुसऱ्या पिढीवर अवलंबून होती आणि त्या पिढीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. भाषा पुढे गेली आणि तिच्यातच घडलेले साधन मागे पडले.

ह्यावरून असे दिसते की, साधन कोणत्या भाषेत आहे ह्या प्रश्नास समाज प्रारंभी जे महत्त्व देतात, ते कालांतराने उणावते. साधने बदलतातच. लिखित मात्र पुढे नेता यावे लागते, आणि ते नेता येईल की नाही हे पहिल्या पृष्ठाबरोबर ठरलेल्या, किंवा ठरवावयाच्या राहून गेलेल्या, अटींवर अवलंबून असते. सामूहिक कोश अथवा शब्दसंग्रह आरंभणाऱ्या कोणत्याही संस्थेने हाविकीचा हा अनुभव प्रथम ध्यानी घेणे इष्ट होय.