खडबडीत आंतर्द्रव्यजालिका

खडबडीत आंतर्द्रव्यजालिका हे दृश्यकेंद्रकी पेशींच्या पेशीद्रवात पसरलेले चपट्या पिशव्यांचे सलग पटलजाल आहे. तिच्या पेशीद्रवाकडील पृष्ठभागावर रायबोसोम चिकटलेले असतात आणि त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हा पृष्ठभाग दाणेदार दिसतो. पेशीबाहेर स्रवणारी प्रथिने, पेशीपटलात रुजणारी प्रथिने आणि गॉल्जी पिंड व लयकारिका यांना लागणारी प्रथिने येथे तयार होतात, योग्य घडी घेतात आणि पुढे जाण्यापूर्वी तपासली जातात. जीवाणूंमध्ये ही जालिका नसते. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींतही ती उरत नाही.

पेशीतील संपूर्ण आंतर्द्रव्यजालिका हे एकच सलग पटल असते. ते केंद्रकाच्या बाह्यपटलाला जोडलेले असते, त्यामुळे केंद्रकाच्या दोन पटलांमधील फट आणि जालिकेची आतली पोकळी एकच असते. जालिकेच्या ज्या भागावर रायबोसोम नसतात तो गुळगुळीत भाग. तो बहुधा नलिकांचा असतो आणि मेदपदार्थांची निर्मिती हे त्याचे मुख्य काम असते. खडबडीत भागात रुंद, चपट्या पिशव्या एकमेकींवर रचलेल्या दिसतात. प्राणिपेशींत अशा पिशवीची पोकळी साधारण 50 नॅनोमीटर, तर एका रायबोसोमचा व्यास 25 ते 30 नॅनोमीटर असतो. पिशव्यांच्या कडांना बाक देण्याचे काम रेटिक्युलॉन कुळातील प्रथिने करतात. या पिशव्या सुट्या नसतात. बहुमजली मोटारतळात एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाणारा वळणाचा चढ असतो, तशा सर्पिल उतारांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, हे 2013 मध्ये अतिपातळ छेदांच्या त्रिमितीय चित्रणातून स्पष्ट झाले.

जालिकेचे प्रमाण पेशीच्या कामानुसार ठरते. पाचक विकर स्रवणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशीत एकूण पटलांपैकी सुमारे 60 टक्के वाटा खडबडीत जालिकेचा असतो. यकृतपेशीत तो 35 टक्क्यांच्या आसपास असतो. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी तर या पिशव्यांनी खच्चून भरलेल्या असतात. चेतापेशींत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गडद रंग घेणारे निस्सल कण म्हणजेही खडबडीत जालिकेचे आणि रायबोसोमचे पुंजके होत.

जालिकेची पहिली चाहूल 1897 मध्ये लागली. फ्रेंच संशोधक शार्ल गार्निए यांना ग्रंथीपेशींच्या तळाशी गडद रंग घेणारा भाग आढळला आणि त्यांनी त्याला अर्गास्टोप्लाझम म्हटले. जालिकेचे रूप मात्र 1945 मध्ये दिसले. न्यूयॉर्कमध्ये कीथ पोर्टर, अल्बर्ट क्लॉड आणि अर्नेस्ट फुलम यांनी कोंबडीच्या भ्रूणातील पेशींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे घेतली, त्यांत लेससारखे जाळे उमटले होते. तिथल्याच रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पॅलाडे यांनी 1955 मध्ये पटलावरच्या व पेशीद्रवातल्या सूक्ष्म कणांचे वर्णन केले. हे कण म्हणजे रायबोसोम. पुढे पॅलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल पुरवले आणि नव्या प्रथिनांचा माग काढला. खूण आधी खडबडीत जालिकेत, मग गॉल्जी पिंडात आणि सुमारे दोन तासांनी स्रावाच्या कणिकांत सापडली. स्रवणाऱ्या प्रथिनांचा मार्ग या प्रयोगाने पक्का झाला. क्लॉड, पॅलाडे आणि क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांना 1974 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यानंतरचा प्रश्न अधिक खोल होता. पेशीद्रवात मोकळे फिरणारे रायबोसोम आणि पटलावरचे रायबोसोम यांत रचनेचा काहीही फरक नसतो. मग कोणता रायबोसोम जालिकेवर जाईल, हे कोण ठरवते? तयार होत असलेले प्रथिन स्वतःच ते ठरवते, असे ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी 1971 मध्ये सुचवले. ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी 1975 मध्ये प्रयोगांनी त्याला भक्कम आधार दिला. या कामासाठी ब्लोबेल यांना 1999 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पृष्ठभागाचा खडबडीतपणा हा पटलाचा कायमचा गुण नसून त्या क्षणी चाललेल्या कामाचे दृश्य रूप आहे, हा या शोधाचा गाभा होय.

ज्या प्रथिनाला जालिकेत जायचे असते त्याच्या सुरुवातीला साधारण 15 ते 30 अमिनो आम्लांचा, मधल्या भागात पाण्याशी फटकून वागणारा संकेतखंड असतो. हा खंड रायबोसोममधून बाहेर डोकावताच संकेत ओळखणारा एक कण त्याला धरतो. सस्तन प्राण्यांत हा कण सहा प्रथिने आणि सुमारे 300 न्यूक्लिओटाइडांचा एक आरएनए मिळून बनलेला असतो. तो प्रथिनाची बांधणी मंदावतो आणि रायबोसोमला जालिकेवरच्या ग्राहकापाशी आणून सोडतो. तेथे सेक61 या प्रथिनसंकुलाच्या अरुंद नळीवर रायबोसोम टेकतो, बांधणी पुन्हा वेग घेते आणि वाढती साखळी थेट पोकळीत सरकते. पटलात रुजणारी प्रथिने याच नळीच्या बाजूच्या फटीतून पटलातील मेदात उतरतात. काही छोटी प्रथिने, तसेच यीस्टमधील अनेक प्रथिने, पूर्ण तयार झाल्यावरही आत ओढली जातात. काम संपले की रायबोसोम सुटतो आणि पेशीद्रवातल्या साठ्यात परततो.

पोकळीतील पुढचे काम इन्सुलिनच्या उदाहरणाने नीट समजते. माणसात इन्सुलिनची मूळ साखळी 110 अमिनो आम्लांची असते. जालिकेत शिरताना तिचा 24 अमिनो आम्लांचा संकेतखंड कापला जातो आणि 86 अमिनो आम्लांचे प्रोइन्सुलिन उरते. ते घडी घेते व त्यात तीन डायसल्फाइड बंध जुळतात. हे बंध जुळवणारे विकर पोकळीतच असते आणि पोकळीचे वातावरणही पेशीद्रवापेक्षा अधिक ऑक्सिडीकारक असते. मधला तुकडा काढून 51 अमिनो आम्लांचे इन्सुलिन तयार होते ते पुढे, स्रावाच्या कणिकांत.

अनेक प्रथिनांना येथे शर्करेची जोडही मिळते. 14 शर्करा-घटकांची तयार शाखा ॲस्पराजिन या अमिनो आम्लावर एकदमच बसवली जाते. तिच्या टोकाचे ग्लुकोज घटक काढणे व पुन्हा लावणे यावरून घडी पूर्ण झाली की नाही हे ओळखले जाते. बिप नावाचे शॅपरोन प्रथिन अर्धवट घडीच्या साखळ्यांना धरून ठेवते. कोलॅजेनच्या साखळ्यांतील प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसतात तेही याच पोकळीत. त्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर कोलॅजेनचा तिपेडी पीळ टिकत नाही आणि हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही रोग होतो.

घडी नीट झालेली प्रथिने पटलाच्या छोट्या पुटिकांत भरून गॉल्जी पिंडाकडे जातात. घडी बिघडलेली प्रथिने पेशीद्रवात परत काढली जातात आणि प्रोटिएसोममध्ये त्यांचे तुकडे होतात. ही तपासणी कधी कधी अतिकडक ठरते. सिस्टिक फायब्रोसिसच्या बहुसंख्य रुग्णांत क्लोराइड वाहून नेणाऱ्या प्रथिनातील 508 व्या जागेचे फेनिलॲलनिन गळलेले असते. असे प्रथिन पेशीपटलापर्यंत पोचले तर थोडेफार काम करू शकते, पण जालिका त्याला अडवते आणि ते नष्ट होते. त्याची घडी सुधारून त्याला पुढे जाऊ देणारी औषधे आता वापरात आहेत. अल्फा-1 अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या एका सदोष प्रकारात उलटा त्रास होतो. प्रथिनाचे गठ्ठे यकृतपेशींच्या जालिकेत साचून यकृत बिघडते, आणि रक्तात प्रथिन कमी पडल्याने फुप्फुसांचीही हानी होते.

घडी न झालेली प्रथिने फार साचली की जालिका केंद्रकाला इशारा देते. काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांनी 1990 च्या दशकात यीस्टमध्ये उलगडलेल्या या प्रतिसादाने शॅपरोनांची निर्मिती वाढते. सस्तन प्राण्यांत त्याच वेळी नव्या प्रथिनांची आवकही कमी केली जाते. तरीही ताण ओसरला नाही तर पेशी स्वतःचा मृत्यू घडवून आणते. इन्सुलिनच्या जनुकातील काही उत्परिवर्तनांमुळे स्वादुपिंडाच्या बीटा पेशी अशाच नष्ट होतात आणि नवजात बालकांना मधुमेह होतो.

औषधनिर्मितीतही जालिकेचे असणे-नसणे निर्णायक ठरते. शर्करेची जोड नसलेले छोटे इन्सुलिन जीवाणूंकडून बनवून घेता येते आणि 1982 पासून तसे ते मिळू लागले. प्रतिपिंडे मोठी असतात आणि त्यांच्या कार्याला शर्करेच्या शाखाही लागतात. म्हणून प्रतिपिंडांच्या औषधांसाठी मुख्यतः चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या, खडबडीत जालिका असलेल्या पेशी वाढवल्या जातात.