तारण काय देणार?

समजा, कोलाडच्या दोन पोरांनी कुंडलिकेच्या पाण्याची पातळी मोजून मोबाइलवर कळवणारे एक यंत्र बनवले आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटते, नदी चढते, राफ्ट उतरतात आणि पाणी ओसरायच्या आत सगळे उरकावे लागते. म्हणजे अशा यंत्राला गिऱ्हाईक घराजवळच आहे. पहिली चार यंत्रे उसनवारीवर झाली, आता चाळीस करायची आहेत. बँकेतले साहेब सगळे ऐकून घेतात आणि विचारतात, ‘तारण काय देणार?’ यंत्रातला प्रोग्रॅम गहाण पडत नाही. घर आजोबांच्या नावावर आणि सातबाऱ्यावर अकरा वारस. कोकणातली ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

हा प्रश्न सरकारी कर्जाइतकाच जुना आहे. गंमत अशी की त्याला मिळालेल्या सगळ्या उत्तरांत एक जुने उत्तर सर्वांत धीट होते. 5 सप्टेंबर 1676 रोजी शिवाजी महाराजांनी कोकणातल्याच प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र लिहिले. गावोगाव फिरावे, कुणबी जमा करावे, ज्याच्याकडे राबायला माणसे आहेत पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावे आणि खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. वसुली करायची ती वाढीदिढी न लावता, फक्त मुद्दलाची, आणि तीही त्याच्या अंगात बळ येईल तशी, हळूहळू. या कामी एक-दोन लाख लाऱ्या (त्या काळची नाणी) खर्ची पडल्या तरी चालतील, अशी मुभाही होती. पत्रात तारणाचे नाव नाही. कारण सरळ होते : पडीक जमीन लागवडीखाली आली की सारा वाढणार, आणि तीच राज्याची कमाई. अशा व्यवहारात देणारा सावकार राहत नाही, तो भागीदार होतो.

इंग्रजांच्या राज्यात बैल आणि बियाणे तेच राहिले, पण भागीदारी गेली. 1875 साली सुप्यात सावकारांच्या वह्या पेटल्या, चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि पाठोपाठ 1883चा जमीन सुधारणा कर्जाचा व 1884चा शेतकरी कर्जाचा असे दोन कायदे आले. लोकांच्या तोंडी या दोन्हींना एकच नाव, तगाई. पैसे मामलेदार कचेरीतून मिळत. थकले तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होत आणि बोजा जमिनीवर चढे. तो इतका चिवट की कर्ज घेणारा गेला, फेडणाराही गेला, तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तगाईची नोंद तशीच बसलेली असे. 2025 साली महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, तेव्हा कालबाह्य म्हणून काढून टाकायच्या नोंदींच्या यादीत तगाई होतीच.

यंत्रे बनवणाऱ्याला कर्ज ही कल्पना आपल्याकडे संस्थानांतून आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता. गावठाण वाढवायचे म्हणून नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, कर्जाऊ रक्कमही दिली, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. माळावर निवडुंग आणि साप होते, कारखान्यात कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. नांगर सुरुवातीला कितीतरी दिवस खपले नव्हते. बेळगावची नगरपालिका चुकली असे मी म्हणणार नाही, तिच्यासमोर शहराचा नकाशा होता. पण पंतप्रतिनिधींनी न खपलेल्या नांगरांकडे बघून हात आखडता घेतला नाही, हे मला त्या कर्जातले सर्वांत मोलाचे कलम वाटते. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळ्यांचा पैसाफंड माणशी एकेक पैसा गोळा करून तळेगावात काच कारखाना काढत होता. तिथे सरकारही नव्हते आणि तारणही नव्हते.

1919च्या सुधारणांनी उद्योग हे खाते प्रांतांकडे आले. उद्योगांना सरकारी साहाय्य देण्याचा कायदा करण्यात मद्रास प्रांत 1922 साली पुढे होता. पण या कहाणीचा खरा सांधा रोह्याला जुळतो. कोलाडपासून हाकेच्या अंतरावरच्या रोह्यात ज्यांचे बालपण गेले, ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते तेव्हा, 1948 साली, भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ निघाले. ते मोठ्या कारखान्यांसाठी होते. मग देशमुख अर्थमंत्री असताना 1951चा राज्य वित्तीय महामंडळ कायदा झाला, मधल्या आणि छोट्यांसाठी. पुढच्याच वर्षी कुलाब्याने, म्हणजे आजच्या रायगडने, त्यांना लोकसभेवर पाठवले. 1953 साली मुंबई राज्याचे महामंडळ सुरू झाले, तेच पुढे महाराष्ट्र राज्य वित्तीय महामंडळ. पण याही कायद्याला जमीन, इमारत, यंत्रसामग्री गहाण हवी होती. कर्ज थकले तर कलम 29 प्रमाणे महामंडळ कोर्टात न जाता कारखाना ताब्यात घेऊन विकू शके. तारणाचा मोह सुटला नाही, फक्त शेताच्या जागी शेड आली.

त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत संस्थांची नुसती रांग लागली. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, ज्याची धाटावची वसाहत रोह्याच्या वाटेवर आहे. 1964ला सामूहिक प्रोत्साहन योजना, 1966ला उद्योगांना वित्त पुरवणारे सिकॉम, 1970ला कोकण विकास महामंडळ. 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रे निघाली, आपले अलिबागला. या केंद्राच्या बीजभांडवल योजनेचा हिशेब बघण्यासारखा आहे. दहा लाखांचा प्रकल्प असेल तर बँक साडेसात लाख देते, केंद्र दीड लाख सहा टक्के व्याजाने, आणि स्वतःचे एक लाख घालायचे. दीड लाख हे आमिष, खरा निर्णय साडेसात लाखांचा, आणि तो घेणार बँकेतले तेच साहेब. शिवाय ही योजना नवा धंदा काढणाऱ्यासाठी. चाराचे चाळीस करू पाहणाऱ्याला तिच्यात फारशी जागा नाही.

अमेरिकेत मात्र काही ठिकाणी गावची कौन्सिल स्वतःच्या फिरत्या निधीतून स्थानिक कंपनीला अशाच वाढीसाठी कर्ज देते, हप्ते परत आले की पुढच्याला. आपल्याकडे नगर परिषद उद्योगाला कर्ज देते, असे ऐकिवात नाही. जिल्हा परिषद सेस फंडातून शिलाई यंत्र देते, तेही अनुदान म्हणून. कर्ज द्यायचे तर वसुली करावी लागते, आणि मतदाराच्या दारात वसुलीला जायला कोण तयार होईल?

2016च्या स्टार्टअप इंडियानंतर मात्र जुने कोडे नव्याने सोडवले गेले. 2018च्या धोरणाखाली राज्याने स्टार्टअप सप्ताह भरवला आणि विजेत्यांना पैशांऐवजी सरकारी खात्यांच्या 15 लाखांपर्यंतच्या कामाच्या ऑर्डरी दिल्या. माझ्या मते पंतप्रतिनिधींनंतर सरकारला सुचलेली ही सर्वांत शहाणी गोष्ट, कारण पहिल्या गिऱ्हाइकाइतके मोठे भांडवल नसते. 2022 साली केंद्राने स्टार्टअपसाठी पतहमी योजना आणली : तारण नसेल तर बँकेच्या नुकसानीची बरीचशी जोखीम सरकार घेणार, सुरुवातीला दहा कोटींपर्यंत. तारण कर्जदाराच्या दारातून उठून सरकारच्या दारात गेले. पण एक अट अशी की बारा महिन्यांच्या हिशेबात उत्पन्न स्थिर दिसले पाहिजे. हंगामावर चालणाऱ्या कुंडलिकेकाठच्या धंद्याने असे स्थिर उत्पन्न कुठून दाखवावे, याचे उत्तर कुणाकडे नाही.

2025च्या राज्य धोरणात 500 कोटींचा महाफंड आहे. त्याच्या जाहिरातीत रक्कम ठळक दिसते. आधी वाचायचे ते परतफेडीचे कलम. आजवरच्या योजनांत हप्ता सुरू होण्याआधी सवलतीचा काळ असतो खरा, पण तो महिन्यांत मोजलेला असतो. रामाजी अनंतांना दिलेल्या हुकमात तो घेणाऱ्याच्या ऐपतीने मोजला होता.