परीक्षा रोग्याची आणि परीक्षा रुग्णालयाची

१९६२ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील सिॲटल शहरी मूत्रपिंडाच्या जुनाट रोग्यांसाठी एक लहानसे केंद्र उघडले. त्यामागची कथा दोन वर्षे आधीची. ९ मार्च १९६० रोजी डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स नावाच्या कारागिराच्या हातातील रोहिणी व नीला टेफ्लॉनच्या नळीने जोडून ठेवल्या. त्यापूर्वी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. त्या संपल्या की उपचारही संपे. नळीमुळे हा गृहस्थ पुढे अकरा वर्षे जगला.

पण यंत्रे थोडी आणि रोगी पुष्कळ! तेव्हा डॉक्टरांनी प्रथम चाळणी लावावी व उरलेल्यांतून सात निनावी नागरिकांच्या समितीने निवड करावी, असे ठरले. समितीत धर्मोपदेशक, वकील, गृहिणी, कामगार पुढारी अशी माणसे. उमेदवाराचे वय काय, पदरी मुले किती, शिक्षण व मिळकत किती, हे सारे तोलले जाई. नोव्हेंबर १९६२ मध्ये शाना अलेक्झांडर यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात ही हकीगत छापली. समितीतील माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. त्यांच्यावर टाकलेले कामच माणसाने करण्याजोगे नव्हते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की परीक्षा झाली ती रोग्याची. केंद्राची परीक्षा घेण्याची वेळ अजून यावयाची होती.

१९७२ च्या कायद्याने, १ जुलै १९७३ पासून, बहुतेक रोग्यांचा खर्च सरकारने उचलला. समितीची गरज सरली, केंद्रे भराभर वाढली. पैसा सरकारचा म्हटल्यावर काम कसे होते हे पाहावयास हवेच. परंतु मोजावयाचे काय? १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले, की रक्तात युरिया जास्त राहू दिला तर रोग्यांना वारंवार रुग्णालयात भरती व्हावे लागते. त्यावरून १९८५ मध्ये गॉच व सार्जंट यांनी शुद्धीच्या मात्रेचे गणित बसविले.

मौज अशी, की याच सुमारास, १९८३ मध्ये, सरकारने दर बैठकीचा ठोक दर बांधला. महागाई चढत गेली, दर जागच्या जागी राहिला. मग यंत्रावरचा वेळ आखडण्याचा मोह कोणास होणार नाही? १९८९ मध्ये डॅलस येथील परिषदेत अमेरिकेचा मृत्युदर युरोप व जपानहून अधिक असल्याची चर्चा झाली, आणि सर्वांचे डोळे उघडले. १९९७ च्या नियमावलीने एका बैठकीत युरिया निदान ६५ टक्के उतरावा असे सांगितले. २००१ पासून केंद्रवार आकडे लोकांपुढे ठेवण्यात आले. २०१२ पासून उण्या केंद्रांच्या देयकातून दोन टक्क्यांपर्यंत कपात होऊ लागली.

आकड्यांचीही चटक लागते. हिमोग्लोबिन वाढले की उपचार उत्तम, असा हिशेब काही काळ चालला. १९९८ व २००६ च्या चाचण्यांत ते फार वर नेऊ पाहिल्यावर रोग्यांना उलट अपायच झाला.

शिवाय ही मोजणी मुख्यतः यंत्राला जोडलेल्यांची. यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच्या रोग्याचे काय? २००२ मध्ये रोगाच्या पाच पायऱ्या ठरल्या. तेव्हा कोठे लघवीतील अल्ब्युमिन तपासले का, रक्तदाब आवरला का, रोग्यास तज्ज्ञाकडे वेळेवर पाठविले का, हे प्रश्न संस्थांना नेमाने विचारता येऊ लागले. लंडनच्या गाइज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी तापवून तेच अल्ब्युमिन पाहत असत. त्यांचा ग्रंथ १८२७ सालचा.